आजोबा तोब्रुकला होते, पुढे काय झाले?

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, बेळगाव या पट्ट्यातल्या कित्येक गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक जुनी संगमरवरी पाटी बसवलेली असते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके जण गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावरचा मजकूर. गेलेले आणि मेलेले, असे दोनच आकडे. जे शत्रूच्या हाती सापडले, दोन-तीन वर्षे काटेरी तारेआड राहिले आणि मग लोखंडी पेटी घेऊन गावी परतले, त्यांची मोजदाद त्या पाटीवर नाही.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौजेतले सुमारे ७९ हजार सैनिक युद्धकैदी झाले. त्यांतले बहुसंख्य मलाया-सिंगापूरच्या आघाडीवर जपानच्या हाती पडले. सुमारे १५ हजार उत्तर आफ्रिकेत आणि भूमध्य समुद्राच्या परिसरात इटली-जर्मनीच्या ताब्यात गेले. मराठी घरांत या सगळ्याची आठवण बहुधा एकाच वाक्यात उरते. ‘आजोबा इटलीला होते.’ ‘जर्मनने धरले होते त्यांना.’ कुठे धरले, किती दिवस ठेवले, काय खायला दिले, कसे सुटले, हे विचारायचे नातवंडांना सुचते तोवर सांगणारा माणूस गेलेला असतो.

अशा घरांतल्या माणसांना मला मुद्दाम सांगावेसे वाटते, की हा शोध हाती घेण्याजोगा आहे. साध्या शिपायाच्या आयुष्याचे कागद थोडे असतात: भरतीची नोंद, डिस्चार्ज, पेन्शन, सातबारा. कैदेची वर्षे मात्र याला अपवाद आहेत. त्या काळात त्याचे नाव पकडणाऱ्या देशाने लिहिले, त्याच्या स्वतःच्या फौजेने लिहिले आणि जिनिव्हात बसलेल्या तिसऱ्याच कुणी तरी लिहिले. घरात ज्या वर्षांबद्दल सर्वांत कमी बोलले गेले, त्याच वर्षांचा माग कागदावर लागण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

याचे कारण २७ जुलै १९२९ चा जिनिव्हा करार. पकडलेल्या सैनिकाने आपले खरे नाव आणि हुद्दा, किंवा मग आपला नंबर सांगायचा. त्यापुढची माहिती त्याच्याकडून बळजबरीने काढायची नाही. पकडणाऱ्या देशाने त्याची नोंद करून ती कळवायची. छावणीत पोहोचल्यापासून आठवडाभरात कैद्याला घरी एक कार्ड टाकू द्यायचे: मी कैदेत आहे, प्रकृती अशी आहे. आणि दोन्ही बाजूंच्या याद्या एका तटस्थ देशातल्या मध्यवर्ती कचेरीकडे जायच्या. ही कचेरी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने जिनिव्हात चालवली. तिथे युद्धकाळात कोट्यवधी कार्डे तयार झाली. इटली आणि जर्मनी या कराराला बांधलेले होते. जपानने सही केली होती, पण करार मंजूर केला नव्हता. आपला माणूस कुणाच्या हाती सापडला यावर पुढचा सगळा शोध किती सुकर जाईल हे ठरते, त्याचे मूळ या फरकात आहे.

पण जिनिव्हाला लिहिण्याआधी घरातली पेटी उघडायची. तीन गोष्टी हव्यात: सैनिकी नंबर, पलटण आणि पकडले गेल्याची तारीख. यातला नंबर सर्वांत मोलाचा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे पुस्तक, पदकांसोबत आलेला कागद, मनीऑर्डरची पावती, यांपैकी कशावरही तो सापडू शकतो. नाव मात्र भरवशाचे नसते. कारकुनाने कानाला पडले तसे इंग्रजीत लिहिलेले असते; शिंदेचा सिंदे होतो, घाडग्यांचा घाटगे होतो. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या नामदेव जाधव यांचे आडनावही इंग्रजी कागदांत ‘जादव’ असे आढळते. इतक्या गाजलेल्या माणसाची ही गत, तर एखाद्या गणपत सावंताचे काय होत असेल. म्हणून नाव शोधताना जितकी रूपे सुचतील तितकी लावून पाहावी.

गावाच्या पत्त्यातही घोळ असतो. तो समजून घेतला नाही तर आपलाच माणूस समोर असून ओळखू येत नाही. १९४२ च्या कागदात सिंधुदुर्ग जिल्हा असणार नाही. तो १९८१ साली झाला. तेव्हा मालवण-कणकवलीची माणसे रत्नागिरीची, आणि सावंतवाडीकडची थेट सावंतवाडी संस्थानची. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यात होता. चंदगडचा माणूस बेळगाव जिल्ह्यात सापडेल. औंध, फलटण, मिरज, कोल्हापूर यांच्या नावापुढे ‘स्टेट’ लिहिलेले असेल. जुना तालुका आणि जुना जिल्हा किंवा संस्थान एका कागदावर मांडून ठेवले की निम्मी चाळण तिथेच होते.

पलटणीचे आकडेही बदलत गेले आहेत. १९२२ मध्ये फौजेची फेररचना झाली. तेव्हा १०३ नंबरची पलटण पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली. हीच जंगी पलटण. १०५ नंबरची दुसरी झाली; तिला आजही काळी पाचवी म्हणतात. ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, आणि ११७ ची पाचवी, तीही ‘रॉयल’ हा किताब लावून. घरात कुणी ‘काळी पाचवी’ एवढेच म्हणत असेल, तर सरकारी कागदात ते ‘दोन बटे पाच मराठा’ असे शोधायचे. इंग्रजी सूचींत ‘मराठा’ शब्दाची जुनी स्पेलिंग आहे, मधे एक जादा ‘ह’ घातलेली. ती वापरली नाही तर संगणक काहीच मिळाले नाही म्हणून सांगतो.

काळ्या पाचवीचेच उदाहरण घेऊ. मराठी घरांतल्या ‘इटलीला होते’ या वाक्याचा उगम शोधत गेले की पुष्कळदा या पलटणीपाशी पोहोचता येते.

१९४२ च्या जूनमध्ये ही पलटण लिबियाच्या किनाऱ्यावर तोब्रुकमध्ये होती. कॅमेरॉन हायलँडर्स आणि सातव्या गुरखा रेजिमेंटची दुसरी बटालियन यांच्यासोबत तिचा ११ वा हिंदी ब्रिगेड बनला होता, आणि तटबंदीचा आग्नेय भाग या ब्रिगेडकडे होता. तोब्रुकने आदल्या वर्षी आठ महिने वेढा सोसला होता. पण आता ते ठाणे पूर्वीचे राहिले नव्हते. सुरुंग उपसून पुढच्या गझाला आघाडीवर नेले होते, रणगाडे अडवण्याचे खंदक वाळूने बुजले होते. २० जूनच्या पहाटे जर्मन सेनापती रोमेलने आपला सगळा जोर या आग्नेय कोपऱ्यावर लावला. आधी स्टुका विमानांचा बॉम्बवर्षाव, मग तोफा, मग सुरुंगांतून वाट काढणारे पायदळ आणि त्यामागे रणगाडे. घाव बसला तो मराठ्यांच्या मोर्च्यांवर. संध्याकाळपर्यंत जर्मन रणगाडे बंदरात पोहोचले. दुसऱ्या दिवशी, २१ जूनला, ठाण्याचे प्रमुख दक्षिण आफ्रिकी जनरल क्लॉपर यांनी शरणागती पत्करली. ३० हजारांहून जास्त सैनिक कैद झाले; त्यांत हिंदी सैनिक सुमारे अडीच हजार.

हा तपशील मी सविस्तर देतो तो एका कारणासाठी. परत आलेले पुष्कळ कैदी बोलत नसत. पकडले जाणे ही आपली नामुष्की, असे त्यांना वाटे. त्याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्याने मशीनगनचे ठाणे घेतले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. गावात त्यांची गोष्ट सांगितली जाई, पुतळे उभे राहिले. तोब्रुकच्या शिपायाला मात्र सांगण्यासारखे काही नाही, असा एक समज घरादाराने करून घेतला. त्या दिवशी त्या कोपऱ्यावर काय चालून आले होते हे नीट वाचले, तर तो समज टिकत नाही. सुरुंग कुणी उपसले, खंदक कुणी बुजू दिले, हे निर्णय त्या शिपायाचे नव्हते.

उत्तर आफ्रिकेतले कैदी जर्मनांनी धरले तरी सांभाळायला इटालियनांकडे जात. ट्रकांतून डेर्ना, बेनगाझी अशा मजला करत त्यांना पश्चिमेकडे नेले. मग बोटीतून इटली. या समुद्रप्रवासाकडे शोध घेणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही, पण तिथे फार माणसे गेली. कैद्यांच्या बोटींवर तशी खूण नसे, आणि ब्रिटिश पाणबुड्या त्यांवर पाणतीर सोडत. ऑक्टोबर १९४२ मध्ये ‘लोरेतो’ नावाची बोट पालेर्मोजवळ अशीच बुडाली. तिच्यावर शेकड्यांनी हिंदी कैदी होते आणि त्यांतले शंभराहून अधिक मेले. मारणारी पाणबुडी त्यांच्याच बाजूची होती. घरी ‘१९४२ साली बेपत्ता’ एवढेच आले असेल आणि माणूस पकडला गेल्याचे आधी कळलेले असेल, तर अशा बोटींच्या तारखा ताडून पाहाव्या.

इटलीत शिपायांची मोठी छावणी होती आव्हेझानोची, रोमच्या पूर्वेला, अब्रुत्सोच्या डोंगरांत. तिचा नंबर ९१. हिंदी अधिकाऱ्यांना नेपल्सजवळ आव्हेर्सा इथे ६३ नंबरच्या छावणीत ठेवत. या आव्हेर्सात एकाच तारेआड पी. पी. कुमारमंगलम, याह्या खान, साहबजादा याकूब खान आणि आपले ए. एस. नरवणे होते. पुढे कुमारमंगलम भारताचे लष्करप्रमुख झाले, याह्या खान पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष. नरवणे मेजर जनरल झाले आणि त्यांनी आपल्या सैनिकी आयुष्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. शिपायांच्या छावणीबद्दल असे लिहिलेले फार कमी आहे, म्हणून घरातल्या एका कार्डाचे मोल मोठे.

ते कार्ड कसे वाचायचे? पत्त्यात ‘पी. जी.’ आणि पुढे आकडा असेल तर तो इटालियन छावणीचा नंबर, ‘पी. एम.’ म्हणजे लष्करी टपालाचा नंबर. ‘स्टालाग’ किंवा ‘फ्रंटस्टालाग’ आले की माणूस जर्मनांच्या ताब्यात गेला. शिक्क्यावरची तारीख टिपून ठेवा, मजकूर कितीही साधा असो. ‘खुशाल आहे, काळजी नसावी’ एवढेच असेल, कारण त्यापलीकडे सेन्सॉर जाऊ देत नसे. मराठीतली पत्रे असत, तशीच रोमन लिपीतल्या हिंदुस्थानीतली. घरात कुणाला वाचता येत नाही म्हणून असा कागद परक्याचा समजून टाकून देऊ नये.

खाण्याच्या आठवणीही पुराव्यासारख्या वापरता येतात. लंडनमधल्या इंडियन कम्फर्ट्‌स फंडाकडून हिंदी कैद्यांसाठी वेगळी पार्सले भरली जात. तूप, डाळ, तांदूळ, मसाला, चहा, साखर अशी. ती रेडक्रॉसमार्फत छावण्यांत पोहोचत. म्हातारपणी एखाद्याला ‘पार्सल आले की आम्ही डाळ शिजवायचो’ असे आठवत असेल, तर पार्सले नियमित येत होती अशा काळाकडे आणि छावणीकडे ते बोट दाखवते. आजीला, चुलत आजीला, आत्याला विचारावे ते असेच बारीकसारीक: ते कुठला परका शब्द बोलायचे, कुठल्या पदार्थाला तोंड लावत नसत, कुणाचे नाव घेत, थंडीत पायाला काय होई. ‘युद्धात काय झाले’ असा थेट प्रश्न विचारला की समोरचा माणूस गप्प होतो.

८ सप्टेंबर १९४३ ला इटलीने शरणागती जाहीर केली आणि इथून प्रत्येक कैद्याची वाट वेगळी झाली. लंडनहून आदेश आला होता की दोस्त फौजा येईपर्यंत छावणीतच थांबा. हा आदेश फार महागात पडला. जे थांबले त्यांतल्या हजारोंना जर्मनांनी आगगाड्यांत घालून उत्तरेला नेले. जे तारेबाहेर पडले ते डोंगरांत शिरले. अब्रुत्सोतल्या शेतकऱ्यांनी, मेंढपाळांनी त्यांना गोठ्यांत, गुहांत लपवले, आपल्या घासातला घास दिला. असे करणाऱ्याला जर्मन गोळी घालत, घर जाळत. भाषा कळत नाही, रंग वेगळा, तरीही त्यांनी दार लावून घेतले नाही.

या माणुसकीचेही दप्तर आहे. युद्धानंतर मदत करणाऱ्यांची नोंद घेऊन त्यांना भरपाई द्यायला दोस्त राष्ट्रांनी एक आयोग नेमला, अलाइड स्क्रीनिंग कमिशन. त्याच्याकडे ८० हजारांच्या वर इटालियनांच्या फायली जमल्या. कुणाला किती दिवस ठेवले, काय दिले, त्या सैनिकाचे नाव काय, असा त्यातला मजकूर. त्या आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, मेरीलँडमध्ये आहेत. एखाद्या इटालियन शेतकऱ्याने आपल्या वळणाने लिहिलेले मराठी नाव तिथे असू शकते.

जर्मनांनी नेलेल्यांतले पुष्कळ हिंदी कैदी शेवटी पूर्व फ्रान्समध्ये एपिनालला एकत्र आले. ११ मे १९४४ रोजी अमेरिकी विमानांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले. छावणीत कैदी मेले, तसे भिंतींना भगदाडही पडले. वाचलेले बाहेर पडले आणि सुमारे शंभर किलोमीटरवरच्या स्विस सीमेकडे चालू लागले. नकाशा नाही, फ्रेंच येत नाही, अंगावर कैद्याचे कपडे. सुमारे ५०० जण स्वित्झर्लंडला पोहोचले. दुसऱ्या महायुद्धातल्या यशस्वी पलायनांत एवढा मोठा जथा क्वचितच दिसतो, तरी जगाला माहीत आहे ते आजच्या पोलंडमधले, दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांचे बोगद्यातले पलायन, कारण त्यावर सिनेमा निघाला. अलीकडे घी बोमन या इंग्रज इतिहासकाराने एपिनालवर पुस्तक लिहिले. घरात ‘आजोबा स्वित्झर्लंडला होते’ अशी वाटायला अविश्वसनीय आठवण असेल, तर ती थाप समजू नका. १९४४ चा उन्हाळा शोधा.

आता लिहायचे कुणाला. पहिला पत्ता जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या अभिलेखागाराचा. दुसऱ्या महायुद्धाची कार्डे सर्वांना खुली नाहीत. कुटुंबीयांनी अर्ज करायचा असतो, अर्ज वर्षातून ठरावीक काळातच घेतात आणि त्यांची संख्या मर्यादित असते. खिडकी उघडेल तेव्हा नंबर, पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव आणि पकडल्याची तारीख हाताशी तयार हवी. उत्तर छोटे येते: अमुक तारखेला पकडले, अमुक यादीत नाव, अमुक छावणी, मग दुसरी छावणी. तीन-चार ओळींचे ते पत्र असते, पण आधीच्या सगळ्या तर्कांना त्याने जमीन मिळते.

लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ ४१६’ या मालिकेत जर्मन छावण्यांची सुमारे दोन लाख कैदी-कार्डे आहेत. अशा कार्डावर फोटो असतो, उजव्या तर्जनीचा ठसा असतो, उंची, केसांचा रंग, वडिलांचे नाव आणि आईचे माहेरचे आडनावही विचारलेले असते. ‘डब्ल्यूओ ३९२’ मध्ये कैद्यांच्या याद्या, ‘डब्ल्यूओ २०८’ मध्ये पळून आलेल्यांचे जबाब, ‘डब्ल्यूओ १६९’ मध्ये मध्यपूर्वेतल्या पलटणींच्या युद्ध-रोजनिश्या. हे सगळे मुख्यतः गोऱ्या सैनिकांच्या बाजूने भरलेले आहे, हे आधीच समजून असावे. हिंदी कैद्यांबद्दलचा विचारविनिमय, छावण्यांचे अहवाल, पार्सलांची व्यवस्था ही ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरांत सापडते. तिथेच मध्यपूर्वेतल्या हिंदी सैनिकांच्या पत्रांचे सेन्सॉरने काढलेले उतारे आहेत. पत्रलेखकाचे नाव त्यांत बहुधा नसते. पण त्या पंधरवड्यात आपल्या माणसाच्या सोबत्यांच्या मनात काय होते, ते दुसरीकडे कुठे मिळणार?

भारतात सर्वांत जवळचे दार बेळगावचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर तिथे आहे आणि शिपायांची सेवानोंद रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे असते. वारसाने नाते दाखवणारे कागद जोडून अर्ज करावा. शीट रोलची, म्हणजे या सेवानोंदीची, नक्कल मिळाली तर तिच्यात ‘बेपत्ता’, ‘युद्धकैदी’, ‘परत दाखल’ अशा नोंदी तारखांसह मिळतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारणा केली तर पेन्शनच्या बाजूने काही सुटे धागे हाती येतात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सूची आता ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येतात.

कोकणातल्या घरांसाठी एक वेगळी वाट आहे. ‘आजोबा लढाईत पकडले गेले’ असे सांगतात, पण ते फौजेत नव्हतेच, बोटीवर खलाशी होते, असेही निघते. व्यापारी बोटी बुडवून धरलेल्या खलाशांना जर्मनांनी ब्रेमेनजवळ वेस्टरटिम्के इथे, ‘मिलाग नॉर्ड’ छावणीत ठेवले होते. त्यांत हिंदी खलाशीही होते. त्यांची नोंद फौजेच्या दप्तरात शोधून मिळणार नाही. क्यूमध्ये व्यापारी खलाशांच्या कैदेची वेगळी मालिका आहे, ‘बीटी ३७३’. तिथे बोटीचे नाव माहीत असणे हे शिपायाचा नंबर माहीत असण्याइतकेच महत्त्वाचे.

या शोधात एक नाजूक वळण येतेच, आणि त्याला बगल देऊ नये. १९४१ ते १९४३ च्या सुरुवातीपर्यंत सुभाषचंद्र बोस बर्लिनमध्ये होते. आफ्रिकेत धरलेल्या हिंदी कैद्यांतून त्यांनी तिथे फौज उभारली. जर्मनीतल्या आनाबुर्गच्या छावणीत भरती होई आणि संख्या सुमारे ३ हजारांवर गेली. पूर्वेकडे सिंगापूरला आझाद हिंद फौज याहून कितीतरी मोठी झाली. सावंतवाडी संस्थानातले जगन्नाथराव भोसले तिचे चीफ ऑफ स्टाफ होते, पुढे ते केंद्रात उपमंत्री झाले. कुणी देशासाठी गेले, कुणी भुकेपायी, कुणी सोबत्यांबरोबर. कुणी पलटणीची शपथ मोडायची नाही म्हणून गेले नाहीत आणि त्याची किंमत मोजली. जपान्यांनी तर न येणाऱ्यांना न्यू गिनी, न्यू ब्रिटनच्या बेटांवर मजुरीला नेले. मंगळूरच्या जॉन बॅप्टिस्ट क्रास्टा यांनी अशा कैदेची हकीकत सुटकेनंतर लगेच लिहून ठेवली होती; ती पुस्तकरूपाने आली १९९० च्या दशकाच्या अखेरीस, त्यांच्या मुलाने छापली तेव्हा. अर्धशतक ती घरातच होती.

युद्धानंतर परत आलेल्यांची चौकशी झाली आणि त्यांना पांढरे, करडे, काळे अशा तीन वर्गांत टाकले गेले. काळ्या वर्गातल्यांना फौजेतून काढले, पगार-पेन्शन बुडाली. म्हणून शीट रोलवर १९४६ च्या सुमारास बिनपेन्शनचा डिस्चार्ज दिसला, तर त्यामागे हे असू शकते. १९७२ च्या योजनेने स्वातंत्र्यसैनिक म्हणून पेन्शन मिळाली असेल, तर त्या अर्जाची फाईल हा आणखी एक कागद. मी एवढेच म्हणेन की आजोबांना वीर किंवा फितूर ठरवण्याच्या घाईने दप्तर उघडू नये. तारेआड उपाशी माणसापुढे काय पर्याय होते हे आधी समजून घ्यावे.

पहिल्या महायुद्धाचा शोध याहून अवघड, तरी सुरुवात घरूनच करता येते. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुत-अल-अमाराला पुणे डिव्हिजन, म्हणजे सहावी डिव्हिजन, १४७ दिवस तुर्कांच्या वेढ्यात होती आणि २९ एप्रिल १९१६ ला तिने शरणागती पत्करली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेले आणि हिंदी शिपायांना मुख्यतः रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले. त्या कैदेचा सर्वांत जिवंत वृत्तान्त बंगालीत आहे, शिशिर सर्वाधिकारी यांचा. बंगाल ॲम्ब्युलन्स कोरमधल्या या तरुणाने टिपणांची पाने फाडून बुटात लपवून आणली होती. मराठा शिपायांपैकी कुणी असे लिहिले असेल तर ते अजून कुणाच्या तरी माळ्यावर असेल. पहिल्या महायुद्धाची जिनिव्हाची कार्डे आणि याद्या मात्र आता इंटरनेटवर खुल्या आहेत. नाव टाइप करून थेट आपल्या माणसाचे कार्ड उघडत नाही. अक्षरानुक्रमे लावलेल्या कार्डांची चित्रे एकेक करून पाहावी लागतात.

जे परत आलेच नाहीत त्यांच्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनची सूची विनामूल्य आहे. हिंदू-शीख सैनिकांचे दहन होत असल्याने कबर शोधू नये. इटलीत सांग्रो नदीकाठच्या स्मशानभूमीत दहन-स्मारक आहे, तिथे नावे कोरली आहेत. मेसोपोटेमियाची स्थिती वेगळी. ४० हजारांहून अधिक मृतांच्या बसरा स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत आणि शिपायांचे नुसते आकडे. या कमिशनने २०२१ मध्ये आपल्याच इतिहासाचा अहवाल काढून कबूल केले की पहिल्या महायुद्धातले किमान १ लाख १६ हजार मृत, बहुतेक पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधले, नावाने कुठेच नोंदले गेले नाहीत किंवा त्यांची नोंदच झाली नाही. सूचीत नाव सापडले नाही, तर पुरावे जोडून ते घालण्याची विनंती कमिशनकडे करता येते. कुतहून गेलेल्या मराठा शिपायांच्या घरच्यांनी ती करावी, असे मला कळकळीने वाटते.

आणि जे सापडेल त्याची एक प्रत बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पाठवावी, एक गावच्या शाळेत द्यावी. सोबत्यांची नावे आली असतील तर त्यांच्या गावी पत्र टाकावे. एकाच छावणीतून शेजारच्या तालुक्यातला दुसरा माणूस परतलेला असतो आणि त्याच्या घरीही ‘इटलीला होते’ एवढेच माहीत असते.